पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या आणि एक जोडपं : बेर्न्ड आणि हिला बेखर

कृष्णधवल (धागाकर्ता)

इथल्या छायाचित्रण विभागात पक्षी, किल्ले, घाटातला पाऊस असं पुष्कळ येतं आणि मी ते आवडीने बघतो. आज मात्र अशा दोघांबद्दल लिहितोय ज्यांनी उभं आयुष्य कारखान्यांची बांधकामं टिपण्यात घालवलं. पाण्याच्या टाक्या, लोखंड गाळायच्या झोतभट्ट्या, खाणींच्या तोंडावरचे चाकांचे मनोरे, चुन्याच्या भट्ट्या, गॅसच्या टाक्या, कूलिंग टॉवर, धान्याची कोठारं. सगळं कृष्णधवल, सगळं शांत उजेडात, आणि चौकटीत माणूस औषधालाही नाही.

बेर्न्ड बेखर (१९३१–२००७) जर्मनीतल्या झीगन गावचा. भोवताली लोखंडाच्या खाणींचा आणि भट्ट्यांचा मुलूख. तो शिकला चित्रकला. पन्नासच्या दशकात त्याने घराजवळची एक जुनी खाण रेखाटायला घेतली. हा एकेक तुळई, एकेक खिडकी काढत बसायचा आणि तिकडे पाडकाम सुरू झालेलं. आपलं चित्र पुरं व्हायच्या आत समोरचं बांधकामच राहणार नाही हे दिसल्यावर त्याने आधाराला म्हणून फोटो काढून ठेवले. पुढे चित्रं मागे पडली आणि फोटोच काम होऊन बसले.

हिला वोबेझर (१९३४–२०१५) पोट्सडामची. तिचा पाया पहिल्यापासून छायाचित्रणाचा. तिथल्या एका जुन्या वळणाच्या स्टुडिओत तिने उमेदवारी केली. सांसूसीचा राजवाडा, त्याच्या बागा यांचे फोटो काढायचं काम तिच्याकडे असे. वस्तू आहे तशी, नीट, बारकाव्यांसकट दिसली पाहिजे ही शिस्त तिच्या हाताला तिथे लागली. १९५७ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका जाहिरात कंपनीत दोघांची गाठ पडली. १९५९ पासून एकत्र काम, १९६१ मध्ये लग्न.

सुरुवात झीगनच्या परिसरातल्या कामगारांच्या लाकडी सांगाड्याच्या घरांपासून आणि खाणींपासून झाली. मग रूरचं खोरं, हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स. १९६६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा दोघं फोक्सवॅगन व्हॅन घेऊन, दोन वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन, इंग्लंड आणि दक्षिण वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत फिरली. नंतर अमेरिका. आधी कारखान्याला पत्र, मग परवानगीची वाट, मग तिथे पोचल्यावर ढगांची वाट. ऊन नको, कारण उन्हाची सावली पडली की ती बांधकामाचा आकार मोडते. पार्श्वभूमीला एकसारखं करडं आभाळ हवं. कॅमेरा जमिनीवर नाही, तर शिडीवर, मचाणावर किंवा शेजारच्या इमारतीवर, म्हणजे समोरच्या वस्तूच्या साधारण मध्याच्या उंचीला. असा सगळा बेत जमला की मोठ्या कॅमेऱ्याने एक फोटो.

पण एकेकटा फोटो हे त्यांचं काम नव्हे. एकाच प्रकारची बांधकामं, निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या सालांची, ते नऊ, बारा किंवा पंधराच्या जाळीत शेजारी शेजारी लावत. भिंतीवर लावायची कलाकृती म्हणजे ही जाळी.

१९७० मध्ये पहिलं मोठं पुस्तक आलं, त्याचं नावच 'अनामिक शिल्पं'. १९७२ मध्ये कासेलच्या डोक्युमेंटा प्रदर्शनात काम लागलं आणि त्याच वर्षी अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रे याने त्यांच्यावर लेख लिहिला. मिनिमल आणि कन्सेप्च्युअल कला करणाऱ्यांनी या दोघांना आपल्यातलंच मानलं. १९९० मध्ये व्हेनिस बिएनालेत त्यांना सुवर्णसिंह मिळाला, आणि तो शिल्पकलेसाठी. आयुष्यात एक दगड न घडवलेल्या माणसांना! मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या वस्तूला कुणी वास्तू म्हणत नव्हतं, जी बांधणाऱ्याचं नाव कुठे कोरलेलं नव्हतं, तिला या दोघांनी राजवाड्याला देतात तेवढा वेळ आणि तेवढा मान दिला. त्या कोरड्या दिसणाऱ्या शिस्तीत मला फार मोठी माया दिसते. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल.

---

अवलोकिता

लेख आवडला, पण मनापासून सांगते, फोटो शोधून पाहिले आणि मन रमलं नाही. दोन पाहिले, चार पाहिले, सगळे सारखेच. छायाचित्रकाराची नजर, त्याचा क्षण, उजेडाची गंमत, यातलं काहीच नाही. हे एखाद्या सरकारी खात्याने मोजणीसाठी काढून ठेवावेत तसे वाटतात. दस्तऐवज म्हणून मोल असेलच. कला कशी काय?

---

कृष्णधवल

@अवलोकिता, तुम्ही बहुतेक एकेक फोटो मोठा करून पाहिलात. जाळी पाहा. पाण्याच्या टाक्यांची कुठलीही नऊ घ्या. पहिल्या नजरेला सगळ्या सारख्या. मग डोळा आपोआप तुलना करायला लागतो. एकीचं पोट गोल, दुसरीचं खाली शंकूसारखं निमुळतं. एकीला वर टोपीसारखं छत आणि त्यावर छोटा कंदील, शेजारचीला सपाट झाकण. एकीचे पाय नुसते लोखंडी अँगलचे, सहा-आठ, आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी बांधलेले. तिसरी विटांच्या बुरुजावर बसलेली, त्याला कमानीच्या खिडक्या, जणू वर पाणी आहे हे लपवायचंय. एकीच्या बाजूने शिडी सरळ वर जाते, दुसरीला ती नागमोडी गुंडाळलेली. गोल पोटाच्या पत्र्यांवर रिव्हेटच्या ओळी मोजता येतात.

सूर्य दर फोटोत वेगळ्या बाजूने असता, एक फोटो खालून आणि एक लांबून असता, तर आपण फोटोंमधला फरक पाहिला असता. बाकी सगळं सारखं ठेवल्यामुळे टाक्यांमधला फरक दिसतो. ही नजर दोघांची आहे, फक्त ती एका चौकटीत नसून नऊ चौकटींच्या मध्ये आहे.

---

सिमेंटवाळू

धागा वाचून राहवलं नाही. मी स्थापत्य अभियंता, पाणीपुरवठ्याच्या योजनांवर काम करतो. आमच्या भाषेत या सगळ्या ईएसआर, म्हणजे उंचावरच्या साठवण टाक्या. ज्या जर्मन टाक्यांचे फोटो तुम्ही सांगताय त्यातल्या बऱ्याच टाक्या आपल्या फार जवळच्या नात्यातल्या आहेत.

गोल टाकीचा तळ सपाट ठेवला तर मधोमध पाण्याचा भार पेलायला तो फार जाड करावा लागतो. म्हणून तळ घुमटासारखा करतात. पण घुमट आला की तो कडेला बाहेर रेटा देतो. आखेन इथे प्राध्यापक असलेल्या ओटो इंट्झे याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर तोड काढली. मध्ये वर उचललेला घुमट, आणि त्याच्या कडेपासून बाहेर-वर पसरत जाणारी शंकूची भिंत. घुमट आधाराच्या कड्याला बाहेर ढकलतो, शंकूवरचं पाणी त्याच कड्याला आत ढकलतं. मापं बरोबर धरली की दोन्ही रेटे एकमेकांना खाऊन टाकतात आणि कड्यावर उरतो तो फक्त खाली जाणारा भार. त्यामुळे टाकीपेक्षा खालचा मनोरा अरुंद ठेवता येतो. वर पसरट आणि खाली सडसडीत असा जो आकार दिसतो तो शोभेसाठी नाही, या हिशेबातून आला आहे.

जर्मनीत हे रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्यात झालं. आपल्याकडे तेच आरसीसीमध्ये आलं. 'इंट्झ टँक' हा इथल्या अभ्यासक्रमातला नेहमीचा विषय, परीक्षेला हमखास. महाराष्ट्रात कुठल्याही मोठ्या गावात शिरा, खांबांच्या कड्यावर उभी, खालून शंकूने पसरलेली टाकी दिसेलच. तिच्यावर ग्रामपंचायतीचं नाव रंगवलेलं असतं, तिचा आकार बांधणारा ओटो इंट्झे कुणालाच ठाऊक नसतो.

आम्ही शिकलो ते आकडेमोड म्हणून. ती डोळ्यांनी पाहायची वस्तू आहे हे बेखर मंडळींचे फोटो पाहिल्यावर लक्षात आलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

---

अवलोकिता

@सिमेंटवाळू, तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा ती जाळी उघडली. आता दुसरंच काहीतरी दिसतंय. अजून पूर्ण पटलेलं नाही, पण बघत बसले हे खरं.

---

काचपट्टी

कॅमेऱ्याबद्दल थोडं, कारण इथे अनेकांना वाटेल की चांगला मोबाइल घेऊन हे जमेल.

उंच इमारत खालून टिपली की तिच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात, कारण कॅमेरा वर कलतो. बेखर वापरत तो व्ह्यू कॅमेरा, मागे काच आणि फिल्मची शीट, पुढे लेन्स, मध्ये भाता. त्यात मागचा भाग बांधकामाला समांतर, सरळ उभा ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. कॅमेरा कलत नाही, तरी माथा चौकटीत येतो. उभी रेषा उभीच राहते. त्यात भर म्हणून ते स्वतः उंचीवर जात, म्हणजे लेन्स फार सरकवावी लागत नसे आणि वस्तू डोळ्यासमोर उभी असल्यासारखी दिसे. मोबाइलमध्ये नंतर रेषा सरळ करता येतात, पण तो चित्र ताणतो आणि प्रमाण बिघडतं. टाकीचं पोट आहे त्यापेक्षा फुगीर दिसू शकतं.

दुसरं म्हणजे भिंगाचं तोंड अगदी बारीक केलेलं, त्यामुळे पुढच्या कठड्यापासून मागच्या पाइपापर्यंत सगळं काटेकोर. त्याची किंमत म्हणजे लांब एक्स्पोजर. एवढ्या वेळात वारा नको, धूर मध्ये यायला नको, कुणी चालत जायला नको. @कृष्णधवल यांनी 'बेत जमला की एक फोटो' असं लिहिलंय त्या एका वाक्यात किती दिवस गेले असतील याची कल्पना मोठ्या कॅमेऱ्यावर काम केलेल्यालाच येईल.

झोतभट्टी हा त्यांच्यातला सगळ्यात अवघड विषय, असं मला वाटतं. टाकीला दर्शनी बाजू असते. भट्टीला कातडीच नसते. वायू खाली आणणारे जाड पाइप, हवा तापवणारे उंच स्टोव्ह, कच्चा माल वर नेणारा उतरता पूल, सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्या गुंत्यात कुठून पाहिलं की भट्टी भट्टी म्हणून कळेल, हे ठरवणं म्हणजे अर्धी वास्तुविद्याच.

---

लालबागची

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग नसावा.

माझे वडील गिरणीत होते. आधी बदली, नंतर कायम झाले. भोंगा झाला की चाळ जागी व्हायची, पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले, मॉल आले. लोअर परळला एका मॉलमध्ये जुनी चिमणी राखली आहे. लोक तिच्या खाली उभे राहून फोटो काढतात.

म्हणून बेखर यांचे फोटो पाहताना मला आधी कौतुक वाटतं आणि मग घशाशी काहीतरी येतं. माणसं कुठे आहेत? ती भट्टी कुणी पेटती ठेवली? कोळशाच्या खाणीत खाली उतरून कोण मेलं? सुंदर आकार एवढंच उरलं तर त्या चिमणीसारखंच होतं, कामगार गेले आणि शोभा राहिली. आमच्या भागातली माणसं सुधीर पटवर्धनांच्या चित्रांत आहेत, त्यांचे थकलेले खांदे, स्टेशनच्या पुलावरची गर्दी. मला ती आपली वाटतात.

---

कृष्णधवल

@लालबागची, राग कसला. हा प्रश्न त्यांना जर्मनीतही विचारला गेला आणि त्यांनी तो टाळला नाही. सामाजिक टीका हे आमचं काम नाही, असंच त्यांचं सांगणं असे. तुम्हाला ते कमी वाटलं तर ते तुमच्या अनुभवातून आलेलं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मात्र त्यांचे पेनसिल्व्हेनियातले फोटो तुम्ही जरूर पाहा. सत्तरच्या दशकात त्यांनी तिथल्या छोट्या कोळसा खाणींचे लाकडी टिपल टिपले. मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेल्या थरांतून कोळसा काढणाऱ्या खाणकामगारांनी स्वतःच्या हातांनी, मिळेल त्या जुन्या लाकडातून उभे केलेले सांगाडे. कुणी इंजिनियर नाही, नकाशा नाही. एक ओंडका कमी पडला तिथे दुसरा तिरका ठोकलेला, पत्र्याचा तुकडा खिळ्यांनी मारलेला. सगळं वाकडं, पण कोळशाची गाडी वर खेचायची आणि तिथून माल खाली सोडायचा एवढं काम चोख करणारं. त्या जाळीत माणूस दिसत नाही, पण प्रत्येक खिळा कुणीतरी मारलाय हे इतकं स्पष्ट कळतं की मला तो एका माणसाच्या चेहऱ्यासारखा वाटतो.

झीगनच्या घरांचंही तसंच. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे लाकूड वाचवण्यासाठी कायदे झाले, कारण भट्ट्यांच्या कोळशाला लाकूड हवं होतं. त्यामुळे कामगारांच्या घरांत भार पेलायला लागेल तेवढंच लाकूड, शोभेचं एकही नाही. पांढऱ्या भिंतीवरच्या त्या काळ्या पट्ट्या आज चित्रासारख्या दिसतात, त्या तशा का आहेत हे कळल्यावर त्या भट्टीची भूक दिसायला लागते.

---

लालबागची

टिपलचे फोटो पाहिले. हे वेगळे आहेत. माणसं हवीतच हे माझं म्हणणं कायम, पण हे वेगळे आहेत.

---

राइनकाठ

मी गेली काही वर्षं रूरच्या भागात राहते. डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीबद्दल लिहिते, कारण बेखर दांपत्याचा तिथे प्रत्यक्ष हात आहे.

ही कोळशाची खाण विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. मालकांना थाट दाखवायचा होता, त्यामुळे लाल विटांच्या इमारतींना शिखरं आणि कमानी. यंत्रघर मात्र पोलादी सांगाड्याचं, त्याच्या दारावर ब्रुनो म्योरिंग या वास्तुविशारदाचं काम, रंगीत काचा, वळणदार लोखंड. आत संगमरवराचा मोठा विजेचा फलक आणि त्यावर पितळेच्या चौकटीतलं घड्याळ. खाण १९६६ मध्ये बंद झाली आणि यंत्रघर पाडायचं ठरलं. त्या काळी कारखान्याची इमारत जपायची ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. १९६९ मध्ये कलाकार आणि वास्तुरचनेतल्या लोकांनी आवाज उठवला, त्यात बेखरही होते. यंत्रघराला संरक्षण मिळालं. जर्मनीत औद्योगिक इमारत अशा रीतीने स्मारक म्हणून वाचण्याची ही सुरुवातीची, गाजलेली घटना. बेखर यांनी मग त्या खाणीची सविस्तर नोंद केली आणि १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक आलं. आज तिथे वेस्टफालियाच्या औद्योगिक संग्रहालयाचं मुख्य ठिकाण आहे.

एक गोष्ट मला तिथे फार भिडली. आज तुम्ही गेलात की जे दोन चाकांचे मनोरे दिसतात ते त्सोलर्नचे मूळचे नाहीत. मूळचे आधीच पाडले गेले होते. ऐंशीच्या दशकात दुसऱ्या दोन बंद पडलेल्या खाणींवरचे, त्याच धाटणीचे मनोरे आणून इथे उभे केले. एका खाणीचा मनोरा दुसरीवर बसू शकतो, कारण तो एकाच कुळातला आहे, आणि हे कूळ ओळखायला त्या भागातल्या लोकांना बेखर यांच्या जाळ्यांनीच शिकवलं असं मी समजते.

आणि @लालबागची, त्सोलर्नच्या संग्रहालयात कामगारांच्या अंघोळीची जागा, पगार वाटपाची दालनं, खाणीत जाणाऱ्या मुलांचं आयुष्य, हे सगळं आहे. इमारत वाचली म्हणून ते मांडायला जागा मिळाली.

---

सोलापुरी

राइनकाठताई, वाचून भरून आलं. आमच्याकडे गिरण्यांच्या चिमण्या एकेक करत गेल्या. २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानसेवेसाठी. कोण बरोबर, कोण चूक हा वाद इथे नको. पण ती पडताना सगळं गाव बघत होतं, हजारो मोबाइल वर होते. पडतानाचे व्हिडिओ हवे तेवढे आहेत. ती उभी असताना तिचा एक नीट फोटो कुणाकडे असेल का, मला शंका आहे.

---

कृष्णधवल

@सोलापुरी, हेच. अगदी हेच.

---

उंबरठा

वास्तुरचना शिकते, त्यामुळे एक मुद्दा माझ्याकडूनही.

कारखान्याच्या बांधकामांचे फोटो वास्तुविशारदांनी आधीही वापरले होते. वाल्टर ग्रोपियसने १९१३ मध्ये अमेरिकेतल्या धान्य कोठारांचे फोटो छापले, बघा, यात किती शुद्ध आकार आहेत म्हणून. पुढे ल कॉर्ब्युझिएने असेच फोटो १९२३ च्या पुस्तकात घेतले, पण ब्युनोस आयरेसच्या एका कोठारावरचे त्रिकोणी माथे त्याला अडचणीचे वाटले, तर ते फोटोतून चक्क पुसून टाकले. म्हणजे इंजिनियरांच्या इमारतींचा उपयोग स्वतःचं म्हणणं पुढे रेटायला.

बेखर यांनी काही पुसलं नाही. गॉथिक कमानीची पाण्याची टाकी असेल तर तीही जाळीत आली, साधी पत्र्याची असेल तर तीही. हे चांगलं, ते वाईट असं कुठे नाही. आम्हाला वर्गात इमारत दाखवतात ती नेहमी कुणाची तरी असते, चार्ल्स कोरियांची, बाळकृष्ण दोशींची, कॉर्ब्युझिएची. कुणाचीही नसलेली इमारत कशी पाहायची हे मला या दोघांनी शिकवलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, हिलाचा. १९७६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत छायाचित्रणाचं प्राध्यापकपद मिळालं ते बेर्न्डला. फक्त बेर्न्डला. त्या अकादमीत विद्यार्थिनी असताना तिथली डार्करूम उभी करायला हिलाचा हात होता. शिकवणं दोघं मिळूनच करत. विद्यार्थी घरी येत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोटो मांडले जात आणि हिलाचं मत तितकंच वजनाचं असे. त्यांच्या हाताखालून थॉमस श्ट्रुथ, थॉमस रुफ, कांडिडा ह्योफर, आक्सेल ह्युटे, आंद्रेआस गुर्स्की अशी माणसं बाहेर पडली. गुर्स्कीचा ऱ्हाइन नदीचा फोटो २०११ मध्ये त्रेचाळीस लाख डॉलरच्या वर विकला गेला, तेव्हा तो लिलावात विकला गेलेला सगळ्यात महाग फोटो होता. या सगळ्यांना 'बेखरचे विद्यार्थी' म्हणतात. त्या बेखरमध्ये हिला आहे हे दर वेळी आठवण करून द्यावं लागतं.

---

काचपट्टी

@उंबरठा, अनुमोदन. आणि त्यांच्या कामात मात्र दोघांनी कधी वाटणी केली नाही. कुठला फोटो कुणी काढला असं विचारलं तर, बाहेरच्याला ते ओळखता येणार नाही आणि आम्हालाही पुष्कळदा आठवत नाही, अशा अर्थाचं ते सांगत. निगेटिव्हवर सही नाही, पुस्तकावर कायम दोघांची नावं. जागा शोधणं, परवानगी, शिडी धरणं, काचेवर फोकस पाहणं, प्रिंट धुणं, जाळीत कुठला फोटो कुठे जाईल हे ठरवणं. यातलं फोटो काढणं नेमकं कुठलं म्हणायचं?

---

सॅन_होजेकर

२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, ते नंतर सॅन फ्रान्सिस्कोला आलं. आम्ही पाहिलं. संगणकावर पाहण्यात आणि भिंतीवर पाहण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लांबून जाळी म्हणजे एक मोठा ठोकळा दिसतो, जवळ गेल्यावर एकेका प्रिंटमध्ये गेजवरचे आकडे, गंज, कठड्याला अडकवलेली दोरी दिसते. पुढे-मागे होत राहावं लागतं. माझ्या मुलीने 'यातल्या कुठल्या दोन सारख्या आहेत' असा खेळ सुरू केला आणि बराच वेळ तिला एकही जोडी सापडली नाही. @अवलोकिता, कधी संधी मिळाली तर प्रत्यक्ष पाहाच.

हिलाने सुरुवातीला पानं, शिंपले असेही फोटो काढले होते, तेही तिथे होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय तिच्यात आधीपासून होती. निसर्ग अभ्यासक जसं एकेक पान सुटं करून मांडतो, तसं.

---

सिमेंटवाळू

या धाग्यामुळे एक ठरवलंय. आमच्या भागात जुन्या ईएसआर एकामागून एक पाडायला काढल्या जात आहेत. काँक्रीट फुटलंय, सळया उघड्या पडल्यात, त्या धोकादायक आहेत आणि पाडायलाच हव्यात, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पाडण्याच्या अंदाजपत्रकाला जोडलेले फोटो म्हणजे टाकीखाली उभा मुकादम आणि तिरकं आकाश. त्याऐवजी प्रत्येकीचा एक सरळ फोटो काढून ठेवायचा विचार आहे. खांबांची संख्या, बांधल्याचं साल, क्षमता लीटरमध्ये, ही माहिती कार्यालयात असतेच.

मोठा कॅमेरा माझ्याकडे नाही. @काचपट्टी, साध्या डीएसएलआरवर काय करता येईल?

---

काचपट्टी

करा, जरूर करा. लेन्स ५० किंवा त्याहून लांबची घ्या, वाइड नको. टाकीच्या उंचीच्या निदान दुप्पट-तिप्पट मागे जा. जवळपास शाळेची किंवा ग्रामपंचायतीची गच्ची असेल तर तिथून काढा, म्हणजे कॅमेरा फार वर कलवावा लागणार नाही. ट्रायपॉडवर लेव्हल लावून कॅमेरा सरळ ठेवा आणि खाली जमीन जास्त आली तर येऊ द्या, नंतर कापता येते. एफ ८ ते ११, आयएसओ १००. ऊन टाळा. आपल्याकडे जून-जुलैत हवं तसं करडं आभाळ फुकट मिळतं, फक्त पाऊस थांबलेला असावा. आणि प्रत्येक टाकी चौकटीत तेवढीच मोठी दिसेल असं पाहा, नाहीतर जाळीत लावताना त्रास होईल.

---

लालबागची

@सिमेंटवाळू, त्या यादीत आणखी एक रकाना घाला. टाकीवर व्हॉल्व्ह सोडायला रोज कोण जात होतं त्याचं नाव, त्यांनी सांगितलं तर.

---

सिमेंटवाळू

घालतो. आमच्या तालुक्याच्या टाकीचे व्हॉल्व्हमन निवृत्त झालेत, गावातच राहतात. त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.